नदीकाठच्या रस्त्यात जुनी झाडं जातायत, हरकत नेमकी कशी घ्यायची?

घाटावरचा:
नमस्कार मंडळी, जरा मदत हवीये. आम्ही पुण्याच्या अलीकडे नदीला लागून राहतो. सोसायट्या वाढल्या तसा आता काठाकाठाने रस्ता आणि त्याला चिकटून जॉगिंग ट्रॅक येणार म्हणतात, आणि गेल्या आठवड्यात कुणीतरी येऊन करंज, जांभळं, उंबर सगळ्यांवर लाल ऑइलपेंटने नंबर टाकून गेलं. त्यातला एक उंबर दोघांच्या कवेत मावत नाही. विचारलं की एकच उत्तर, काळजी करू नका, एकाच्या बदल्यात दहा लावू. रस्ता नकोच असं नाही, संध्याकाळी मेन रोडची बोंब आम्हीच भोगतो. पण ही झाडं वाचवायला सह्यांची मोहीम काढावी का?

पूररेषा:
सह्या नंतर, आधी नोटीस शोधा. 1975 च्या वृक्ष कायद्यात तोडण्याआधी पेपरात जाहीर नोटीस द्यावी लागते, झाडावरही लावावी लागते आणि हरकतीला जेमतेम सात दिवस, त्यात शनिवार-रविवार आला की संपलंच. एका अर्जाखाली पाचशे सह्या ठोकण्यापेक्षा दहा-बारा जणांनी वेगवेगळे अर्ज द्या, झाडाचा नंबर लिहून, आणि आवक शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.
आणि ते "एकाला दहा" वगैरे ऐकून घेऊ नका. 2021 च्या दुरुस्तीनंतर 50 वर्षं किंवा वरचं झाड हेरिटेज धरतात आणि तोडलंच तर वयाइतकी रोपं लावायची, म्हणजे साठ वर्षांच्या उंबराला साठ. आता कळलं ना झाड तोडायच्या अर्जात वय कमी का पडतं! टेप घेऊन जा, छातीच्या उंचीला घेर मोजा, नंबर दिसेल असा फोटो काढा.

शेरणी:
झाडांच्या मागे लागताना काठ विसरू नका हां. ट्रॅक म्हटला की दगडी पिचिंग, म्हणजे काठाला दगडांचं अस्तर, आलंच. खंड्या मातीच्या उभ्या दरडीत बीळ करून अंडी घालतो, तिथे दगड बसवले की संपला विषय. पात्रातलं शेरणी नावाचं झुडूप पुरात आडवं होतं, पाणी ओसरलं की परत उठतं, त्याची आणि काठच्या वाळुंज झाडाची मुळं काठ धरून ठेवतात, पण नकाशावर हे सगळं "झुडपं" आणि जेसीबीवाल्याला तेवढंच कळतं. मुळा-मुठेच्या 44 किमीच्या रिव्हरफ्रंटवर (नदीकाठ विकास प्रकल्प) 2023 ला पुण्यात लोकांनी चिपको केलं तेव्हाही भांडण नुसत्या झाडांच्या आकड्याचं नव्हतं, भरावाने पात्र अरुंद होण्याचंही होतं.

साइटवरचा_मी:
मी रस्त्यांच्याच कामात आहे त्यामुळे शिव्या खायची तयारी ठेवून लिहितो 😄 रस्ता डीपीत, म्हणजे विकास आराखड्यात, आहे का ते आधी बघा. डीपी अजून प्रारूप असेल तर हरकतीची मुदत वेगळी असते आणि अलाइनमेंट (रस्त्याची आखणी) सरकवणं तेव्हाच सोपं, मंजूर झाला की नगररचना कायद्याच्या कलम 37 खाली आराखडा बदलायचा फेरा. पूररेषांचा नकाशा मागा: निळी म्हणजे 25 वर्षांत एकदा येणारा पूर, लाल म्हणजे शंभरात एकदा. निळीच्या आत भराव टाकून रस्ता उचलणार असतील तर ते पाणी कुणाच्या दारात जाणार हे लेखी विचारा, या प्रश्नाला साहेब लोक जरा दचकतात.
अजून एक, "झाड ठेवलंय" यावर खूश होऊ नका. बुंध्याला दोन फूट मुरूम टाकून वर काँक्रीट केलं की झाड दोन-चार वर्षांत वाळतं आणि मग "आपोआप मेलं". ड्रॉइंगवरच बुंध्याभोवती मोकळी माती दाखवून घ्या. पुनर्रोपणाला वड-उंबर त्यातल्या त्यात तगतात, पण मुळं टप्प्याटप्प्याने छाटून पावसाळ्याच्या तोंडावर केलं तर. सकाळी उपटून दुपारी दुसरीकडे रोवलं तर सरपणच.

घाटावरचा:
नोटीस सापडली!! कुंपणाच्या आतल्या झाडाला, रस्त्यावरून दिसणार नाही अशी. उंबराचं वय लिहिलंय 35. आमच्या शेजारचे आजोबा म्हणतात ते शाळेत जायचे तेव्हाही हा एवढाच होता.

पूररेषा:
आजोबांचं म्हणणं त्यांच्याच सहीने लेखी घ्या. आणि तलाठ्याकडून त्या गटाचा जुना सातबारा काढा, कधीकधी त्यावर झाडांची नोंद मिळते. मुदत कधीपर्यंत आहे ते आधी सांगा.