मदत हवी आहे: आरोग्याच्या मनुष्यबळाचा पुढच्या १५ वर्षांचा हिशोब कसा मांडावा?

नमस्कार मंडळी. एमपीएचच्या (सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी) प्रबंधाला हा विषय घेतलाय आणि पद्धतीच्या प्रकरणातच गाडं अडलंय. (देशाच्या आरोग्यसेवेची आखणी सुचवणाऱ्या १९४६ च्या भोर समितीपासूनचा इतिहास नका सांगू, प्रबंध समित्यांच्या नावांतच संपेल.)

आपल्याकडे पदं लोकसंख्येवर ठरतात. गावपातळीवरचं आरोग्य उपकेंद्र सपाटीला ५०००, डोंगरी-आदिवासी भागात ३००० माणसांमागे एक. भागाकार केला की झालं! आता नंदुरबारकडचं उपकेंद्र घ्या. पाडे लांब लांब, आणि दिवाळीनंतर कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत. सिस्टर लसीकरणाचं सत्र उरकून आल्या की रजिस्टर भरणार, मग तीच माहिती पुन्हा पोर्टलवर चढवणार. हे काम ३००० च्या आकड्यात दिसतच नाही.

म्हणून जागतिक आरोग्य संघटनेची 'विस्न' पद्धत बघतेय. तीत रजा-प्रशिक्षण वजा जाता हातात उरलेला वेळ आणि प्रत्येक कामाला लागणारा वेळ यांवरून पदं काढतात. पण ती आजची गरज सांगते. पुढच्या १५ वर्षांत बीपी-शुगरचे रुग्ण वाढणार, ते कसं धरायचं?

त्याहून मोठी अडचण गळतीची. रिक्त पदांचे आकडे मिळतात. कोण, किती वर्षांनी सोडून गेलं हे मिळत नाही. माझ्या मते खरी मेख इथंच आहे. तमिळनाडूत सार्वजनिक आरोग्याचं वेगळं संचालनालय आहे, वर चढायला शिडी आहे. २०१७ च्या राष्ट्रीय धोरणाने असं केडर (सार्वजनिक आरोग्याची वेगळी सेवा) सगळ्या राज्यांना सुचवलं, पण शिडी नसताना नुसती पदं वाढवून माणसं टिकतील कशी?

गळती काढायची कुणाला रीत माहीत आहे का?

प्रतिसाद १
ताई, जिल्हा परिषदेच्या आस्थापना शाखेकडून ज्येष्ठता याद्या मागा. जन्मतारीख आणि नेमणुकीची तारीख दोन्ही असतात. निवृत्त्या तर लगेच निघतील. लागोपाठच्या वर्षांच्या याद्या शेजारी ठेवल्या की मधेच गळालेली नावंही सापडतात. फक्त बदलीने गेलेले वेगळे काढा.

धागाकर्ती
हे डोक्यातच आलं नव्हतं, आभार! पण एनएचएमच्या (राष्ट्रीय आरोग्य अभियान) कंत्राटी लोकांचं काय?

प्रतिसाद १
त्यांची ज्येष्ठता यादी नसते. महिन्याची मानधन पत्रकं बघा, नावं काढून फक्त सांकेतिक क्रमांक मागितलेत तर नकार येण्याची शक्यता कमी. आशांना मात्र यात मिसळू नका. त्यांचा मोबदला कामावर, पद म्हणून नोंदच नाही. त्यांचा हिशोब स्वतंत्र मांडा.