रिंगरोडला मॉल झाला, आता गोलाईला कुलूप लावायचं का?

गोलाईचा_पोरगा
परवा रिंगरोड_राजा ह्या पाव्हण्यानं इथं लिहिलं होतं, मी जसंच्या तसं टाकतो: "रिंगरोडला नवं शॉपिंग पार्क झालं, एकदाचं लातूर माणसात आलं. गोलाईतल्या दुकानदारांनी आपल्या बापजाद्यांना लुटलं, आता गिऱ्हाईक नाही म्हणून रडायलेत. पडू द्या शटर." ह्याच्याखाली नुसते अंगठे आणि हसणारी तोंडं. दोन दिवस गप बसलो, आता बसवत नाही.

राजे, १९१७ ला नगररचनाकार फैयाजुद्दीन साहेबांच्या नकाशावर गोलाईची बाजारपेठ उभी राहिली. मधी अंबाबाई, भोवती दुमजली गोल इमारत आणि सोळा रस्ते, एका रस्त्याला सोनं, एकाला चपला, एकाला मिरची, एकाला गूळ. तुम्ही ज्याला "सगळं एका छताखाली" म्हणून नाचायलात ते आपल्या गावात शंभर वर्षांपासून आहे, फक्त एसी नाही. ह्या सोळातल्या एका रस्त्यावर आमचं किराणा दुकान आहे, आजोबांपासून. कुठल्या ते सांगत नाही, उधारीवाले इथं पण आहेत आणि लाजतील.

जूनमधी पेरणीला माणसाच्या खिशात रुपया नसतो. बियाणं, खत ह्यातच सगळं जातं. तेव्हा चार पोते साखर नाही मागत कुणी, पाच किलो साखर, तेलाचा डबा, चहापत्ती, पोराच्या वह्या, आणि "सोयाबीन आलं की देतो" एवढंच. ते सोयाबीन येतं दिवाळीला. कधी येतच नाही. माझ्या बापानं एका वहीची पानं फाडली नाहीत पण त्या पानांकडं परत बघितलं पण नाही. मॉलच्या बिलिंगच्या पोरीला जाऊन म्हणा एकदा, "ताई, सोयाबीन आलं की देतो."

आणि २०१६ चा दुष्काळ. मिरजेहून रेल्वेनं पाणी यायलं होतं तेव्हा गल्लीत जार कोण देत होतं, पैसे नंतर द्या म्हणून? असो.

रिंगरोड_राजा
आले भावनेच्या पोत्यावर बसून. भाऊ १९१७ ची इमारत दाखवून आजचं बिल भरता येत नाही. माझा एक साधा सवाल, तोच साबण, तोच वजनाचा, मॉलमधी छापील किमतीपेक्षा कमी आणि तुमच्याकडं छापील किमतीला एक रुपया सोडायला तुमचा जीव जातो, कामून?

आणि उधारीचं कौतुक सांगू नका. रोखीत डब्याचा भाव वेगळा आणि उधारीत वेगळा, हे लातुरात कुणाला माहीत नाही? माझ्या चुलत्यानं सहा महिन्यांनी डब्याचे पैसे दिले तेव्हा दीडशे रुपये जास्त गेले. त्याला उपकार म्हणत नाहीत, सावकारी म्हणतात, फक्त तागडी समोर ठेवलेली.

गोलाईचा_पोरगा
दीडशे रुपयाला सावकारी म्हणायलाव तर खरा सावकार बघितलाच नाही तुम्ही. बँकेत जा सहा महिन्यांसाठी दोन हजार मागायला, फॉर्मच्या झेरॉक्सला दीडशे जातील.

भावाचं विचारलं ना, मग ऐका. काही मालावर मॉलचा विक्रीचा भाव माझ्या खरेदीच्या भावापेक्षा खाली असतो. मला वितरक जो भाव लावतो त्यात कंपनीचं, वितरकाचं, गाडीचं सगळं येतं. मॉल थेट कंपनीकडून ट्रकनं उचलतो आणि कंपनी त्याला वेगळी सूट देते, मी दोन खोके घेतो तर मला काय देणार? ह्याच्यावरूनच २०२२ च्या सुरुवातीला राज्यातल्या वितरकांनी एका मोठ्या कंपनीचा काही माल उचलायचा बंद केला होता. तेव्हा तुम्ही कुठं होता, सेलच्या रांगेत?

भुसार_लाईन
सांगू नये पण सांगतो, ऑफर असली की मी स्वतः मॉलमधून तेलाचे पाऊच आणतो आणि दुकानात विकतो. एका माणसाला ठराविकच देतात म्हणून बायको, दोन पोरं, मेव्हणा असे पाच जण वेगवेगळ्या रांगेत उभे राहतो. मेव्हणा म्हणतो भाऊजी ही चोरी आहे का धंदा. मी मनलं चूप रहा, नंबर आला.

सोयाबीन_मामा
पोरांनो तुम्ही दोघं बी येडे आहात. बाजार मॉलनं नाही मारला. २०२१ च्या पावसाळ्यात सोयाबीन क्विंटलला दहा हजाराच्या घरात गेलं होतं, आठवतंय का? त्या दिवाळीला हाच भाव राहील म्हणून आम्ही सगळे हवेत. नंतर काय झालं. २०२४ ला हमीभाव ४,८९२ आणि बाजारात तेवढ्याला बी कुणी घेईना, ओलावा जास्त, डाग आहे, माती आहे. खेड्यातल्या माणसाच्या हातात पैसा असला की तो गोलाईला बी जातो, मॉललाबी जातो. नसला की कुठंच जात नाही, चौकात बसून तुमच्यासारखं मोबाईलवर भांडतो.

रिंगरोड_राजा
मामा प्रत्येक धाग्यात सोयाबीन आणता. परवा नीटच्या निकालावर चर्चा चालू होती तिथं पण सोयाबीन.

सोयाबीन_मामा
क्लासची फी सोयाबीनातूनच भरली बाबा, म्हणून आणलं.

औसारोडची_सून
मी इतका वेळ वाचत होते, बोलणार नव्हते. सगळे पुरुष साखर, तेल, हमीभाव ह्यावर बोलायलेत. मी मॉलला का जाते सांगू का? बाथरूमसाठी.

हसू नका. मागच्या वैशाखात नणंदेच्या लग्नाचा बस्ता होता. सासूबाईंना शुगर आहे. सकाळी अकरापासून गोलाईत, साड्या, मग भांडी, मग बांगड्या. दोनच्या सुमारास त्यांना जायचं होतं. ज्या दुकानात आम्ही नुकतीच एकेचाळीस हजाराची खरेदी केली होती तिथल्या मालकानं काय सांगितलं, "तशी सोय नाही हो वहिनी, पुढं बघा." पुढं म्हणजे कुठं? पुढच्यानं सांगितलं मागं बघा. एका ठिकाणी होतं तर कुलूप, चावी कुणाकडं कुणालाच माहीत नाही. शेवटी रिक्षा करून घरी आलो, पंचवीस मिनिटं, त्या माउलीच्या डोळ्यात पाणी. गाद्यावर बसवून चहा पाजता, थंड आणू का विचारता, मग तो चहा जाणार कुठं ह्याचा विचार नको?

त्या दिवसापासून बस्ता असो का बारसं, मी आधी रिंगरोडला जाते. पाच रुपये महाग असलं तरी.

गोलाईचा_पोरगा
ताई वाईट वाटलं वाचून, पण ह्याचा आणि मॉलचा काय संबंध? जुन्या इमारती आहेत, दहा बाय बाराचं दुकान, वरती माळा, त्यात कुठं काढणार. आणि सार्वजनिक सोय करणं दुकानदाराचं काम आहे का? ज्यांचं आहे त्यांना विचारा, नाव घेत नाही.

औसारोडची_सून
विषय "गिऱ्हाईक का जातंय" हाच आहे ना दादा? मग गिऱ्हाईक सांगायलंय तर "काय संबंध" कसं? आणि दुकानात दिवसभर बायका-पोरी कामाला असतात ना, साड्या उलगडायला. त्या कुठं जातात, कधी विचारलंत?

रिंगरोड_राजा
एक नंबर ताई. संपला विषय.

औसारोडची_सून
तुम्ही मधी उड्या मारू नका. मागच्याच महिन्यात इथं बायकांच्या गाडी चालवण्यावर जोक टाकला होता ते विसरले नाही मी.

काळा_कोट
ताईंनी मुद्द्यावर बोट ठेवलं. केरळात कोझिकोडच्या मिठाई गल्लीतल्या कापड दुकानांत काम करणाऱ्या बायकांनी ह्याच गोष्टीवरून संघटना काढली होती. आधी मागणी बाथरूमची, बाथरूमला जावं लागू नये म्हणून त्या दिवसभर पाणीच प्यायच्या नाहीत. मग बारा बारा तास उभं राहण्यावरून भांडल्या, आणि २०१८ ला तिथं कायदा बदलला, दुकानात कामगाराला बसायला जागा देणं सक्तीचं झालं. आपल्याकडं २०१७ चा दुकानांचा कायदा पूर्णपणे लागू व्हायचा तो दहा किंवा जास्त कामगार असलेल्यांना, २०२५ ला ती मर्यादा वीस केली. दहाची मर्यादा होती तेव्हा काही मोठी दुकानं कागदावर कायम नऊच माणसं दाखवायची, हा योगायोग समजावा.

जाता जाता, ते "एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही" बोर्ड उतरवा. माल सदोष निघाला तर बिलावर लिहिलेल्या मुदतीत, मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत परत घ्यावा लागतो, २०१९ च्या ग्राहक कायद्यात आहे. आणि बिल न देणं हे पण त्याच कायद्यात अनुचित व्यापार प्रथेत येतं.

भुसार_लाईन
वकीलसाहेब, बिल दिलं तर गिऱ्हाईकच म्हणतं जीएसटी कशाला लावता कच्च्यात द्या. त्याच्यावर कलम नाही का?

काळा_कोट
फी भरा, सांगतो.

बिलिंग_काउंटर
मी त्या पार्कमधीच कामाला आहे, कुठल्या दुकानात ते विचारू नका. बाथरूम आहे, खरंय, पण गिऱ्हाईकासाठी चकाचक. आम्हाला काउंटर सोडायचा तर सुपरवायझरला विचारावं लागतं, शनिवारी-रविवारी रांग असली की "दहा मिनिटं थांब" म्हणजे तास होतो. आधी दोन वर्षं गोलाईत एका दुकानात होते. तिथं सोय नव्हती पण मालकीण वर राहायची, ती वर जाऊ द्यायची, भाकरी पण द्यायची. इथं पीएफ कापतात आणि आठवड्याची सुट्टी पक्की मिळते. तिथं अमावस्येला सुट्टी, ती पण सणासुदीत नाही. आईचं ऑपरेशन होतं तेव्हा तिथल्या मालकानं वीस हजार उचल दिली होती, इथं कुणाला मागू? तरी परत जायचं का विचारलं तर नाही जाणार. पीएफमुळं.

गोलाईचा_पोरगा
ताई, तुम्ही माझ्या बाजूनं आहात का विरुद्ध?

बिलिंग_काउंटर
मी माझ्या बाजूनं आहे.

परभणीचा_पाव्हणा
आमच्याकडं पण हेच. पण लातूरकरांनो, गोलाईत गाडी लावायला जागा कुठाय ते सांगा आधी. मी मागं आलो होतो तर तीन चक्कर मारल्या, अंबाबाईला प्रदक्षिणा झाली फुकटात, गाडी लावली नाही आणि परत गेलो.

गोलाईचा_पोरगा
परभणीचं पार्किंग बघून आलोय मी, बोलायला लावू नका. आणि दुकानासमोर गाड्या कुणाच्या असतात ते पण मला माहितंय, आमच्याच. मालकाची, भावाची, मुनिमाची. सकाळी दहाला लावली की रात्री नऊला निघते. घ्या, मान्य केलं, खुश?

रिंगरोड_राजा
स्क्रीनशॉट काढून ठेवला.

गोलाईचा_पोरगा
ठेवा, फ्रेम करा. मॉलमधी एकावर एक फ्री मिळेल फ्रेम. पण लॉकडाऊनमधी २०२० ला सगळीकडचे मॉल बंद होते तेव्हा तुमच्या घरी आटा कुणी पोचवला, तुम्हीच फोन केला होता, "काका काहीतरी करा." माझ्या फोनमधी नंबर आहे अजून, तुम्हाला वाटलं मी ओळखलं नाही?

रिंगरोड_राजा
...बरं. पोचवला होता. तंबाखूची पुडी दुप्पट लावली होती ते पण आठवतंय पण.

गोलाईचा_पोरगा
तंबाखू सोडावी म्हणून लावली होती.

सोयाबीन_मामा
सोडली का मग?

औसारोडची_सून
झालं, परत तुमचं तुमचं सुरू. माझ्या प्रश्नाचं काय? एका रस्त्याला वीस दुकानं धरा. गणपतीला, दांडियाला, स्वागत कमानीला वर्गणी काढताच की. वीस जणांनी मिळून मागच्या बाजूला दोन बाथरूम नाही बांधता येत? एक बाई ठेवा झाडायला, महिन्याला प्रत्येकी दोनशे-तीनशे येतील. तेवढी सूट तर तुम्ही मला दर खेपेला "तुमच्यासाठी म्हणून" देता.

भुसार_लाईन
जागा कुणाची द्यायची ह्यावरच वीस वर्षं जातील ताई. आमच्याकडं दोन सख्ख्या भावांत एका नळावरून कोर्ट चालू आहे.

गोलाईचा_पोरगा
काल रात्री घरी आईला हा सगळा धागा वाचून दाखवला. मला वाटलं माझी बाजू घेईल. ती म्हणली, "मी तीस वर्षं दुकानात बसले, दुपारी जेवताना पाणी पीत नव्हते, तुझ्या बापानं कधी विचारलं नाही आणि तूबी नाही." मग जेवण वाढून आत गेली.

तर औसारोडच्या ताई, आमच्या गोदामात मागं एक बाथरूम आहे. हमालांसाठी बांधलेलं, आता तिथं रिकामी पोती आणि जुना काटा ठेवलाय. रविवारी काढतो. चावी गल्ल्याशेजारी खिळ्याला लटकवीन, मागायची पण गरज नाही, घ्यायची आणि जायचं. खरेदी करा नाहीतर न करा. मॉलपुढं मी हरलो असं कुणी लिहू नये. आणि साबण ज्याचा त्यानं आणावा, मला परवडत नाही.

औसारोडची_सून
दुकान कुठलं ते तर सांगितलंच नाही दादा अजून. आणि साबण आणते, पण रिंगरोडवरून. तुमच्याकडं महाग पडतो.