मदत हवी आहे : डिचोलीत टोमॅटोची हिरवीगार झाडं अचानक माना टाकतात

नमस्कार मंडळी. आमच्या परसातली माती जांभी, आम्लधर्मी. चतुर्थीनंतर पाऊस ओसरला की टोमॅटो लावते. झाडं छान वाढतात, फुलं येतात आणि एके दुपारी हिरवी असतानाच कोमेजतात. पानं पिवळीसुद्धा पडत नाहीत. खोड कापून ग्लासातल्या पाण्यात धरलं तर दुधासारखी धार उतरते, म्हणजे हा जिवाणूजन्य मर रोगच. तो मातीत वर्षानुवर्षं राहतो, वांगी-मिरचीलाही लागतो.

बंगळुरूच्या फळं-भाज्यांवर संशोधन करणाऱ्या संस्थेची ‘अर्का रक्षक’ ही संकरित जात या रोगाला प्रतिकारक आहे. पण तिची फळं घट्ट, दूरवर पाठवायला सोयीची. मला सारासाठी आंबटगोड, रसाळ टोमॅटो हवेत. घरी लावून खाल्लेल्यांनी चव कशी लागते ते खरं सांगा.

दुसरा मार्ग कलमाचा, म्हणजे या रोगाला दाद न देणाऱ्या वांग्याच्या मुळाखोडावर (खुंटावर) टोमॅटोचा शेंडा जोडायचा. अशी रोपं गोव्यात कुठे मिळतात? कलमाचा सांधा मातीच्या किती वर ठेवता?

तेही नाही जमलं तर कुंड्या. नवी माती, शेणखत, थोडा चुना घालेन. एका झाडाला केवढी कुंडी पुरते? आणि फळं पिकताना पाणी कमी केलं की गोडी वाढते, पण कुंडीत ते किती कमी करायचं? ऊन सकाळपासून दुपारपर्यंत आहे.