घन इंधनाची मोटर पेटवण्यासाठी अधिक उष्ण मिश्रण हीच सुधारणा का?

प्रश्न :
मोठ्या रॉकेट मोटरींच्या इग्नायटरमध्ये, म्हणजे मुख्य इंधन पेटवणाऱ्या घटकात, बंदुकीच्या दारूऐवजी बोरॉन आणि पोटॅशियम नायट्रेटच्या गोळ्या वापरतात, असे अभ्यासक्रमात वाचले. बोरॉन जास्त उष्णता देतो एवढेच यामागचे कारण असेल, तर याहून उष्ण मिश्रण शोधले की काम झाले, असे समजावे का?

पहिले उत्तर :
उष्णता हे कारण आहेच, पण माझ्या मते ते दुय्यम आहे. बंदुकीच्या दारूचे जळणे भोवतालच्या दाबावर फार अवलंबून असते आणि निर्वातात ते रखडते. त्यामुळे उंचावर, जवळजवळ निर्वातात पेटणाऱ्या वरच्या टप्प्याच्या मोटरीसाठी तिच्यावर विसंबता येत नाही. बोरॉनचे मिश्रण कमी दाबातही बऱ्यापैकी नेमाने जळते. शिवाय त्यातून तप्त द्रवाचे आणि घन पदार्थाचे कण उडतात. वायू इंधनावरून घसरून नोझलकडे, म्हणजे मोटरीच्या बाहेर सोडणाऱ्या तोंडाकडे, निघून जातो. हे कण मात्र इंधनाच्या पृष्ठभागावर आदळून तिथेच उष्णता सोडतात.

दुसरे उत्तर :
‘जितके जोरदार तितके चांगले’ हा समज तर धोक्याचाच आहे, कारण दाब एकदम चढला तर इंधनाच्या ठोकळ्याला तडा जाऊ शकतो, आणि तडा गेला की जळणारे क्षेत्रफळ वाढून दाब आणखी चढतो. स्पेस शटलच्या बूस्टरमध्ये (बाजूला जोडलेल्या घन इंधनाच्या रॉकेटांमध्ये) विजेने पेटणारा छोटा घटक या गोळ्या पेटवी, त्यांच्यामुळे इग्नायटर म्हणून बसवलेली लहान रॉकेट मोटर पेटे आणि तिची ज्वाला मुख्य इंधनाच्या पोकळीतून धावत जाई. हे सारे अर्ध्या सेकंदाच्या आत उरके. तरीही 1981 च्या पहिल्या उड्डाणात बूस्टर पेटताना उठलेली दाबलहर अपेक्षेपेक्षा बरीच मोठी निघाली आणि ती शमवण्यासाठी पुढच्या उड्डाणापूर्वी तळाशी पाणी सोडण्याची व्यवस्था वाढवावी लागली.

मूळ प्रश्नकर्ता :
मग सुधारणेला वाव नेमका कुठे आहे?

पहिले उत्तर देणारे :
बोरॉनच्या कणांवर ऑक्साइडचा थर असतो. तो पेट घेण्यास अडथळा आणतो आणि ओलावा लागला की त्याचे बोरिक आम्ल होते, म्हणून कणांवर लेप देण्याचे प्रयोग बरेच झाले आहेत. मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते सातत्य : साठवणीत वर्षे काढलेली आणि थंडीने गारठलेली गोळीसुद्धा ताज्या गोळीइतक्याच विलंबाने पेटली पाहिजे, आणि स्थिर विजेच्या ठिणगीने मात्र मुळीच पेटता कामा नये. या दोन अटी एकमेकींच्या विरुद्ध ओढतात; म्हणूनच विजेने तापणाऱ्या तारेऐवजी, स्थिर विजेला दाद न देणाऱ्या लेझरने पेटवण्याच्या पद्धतीकडे लक्ष वळले आहे.