हाइव्हवरची कमाई: काढून घ्यावी की पॉवर अप करावी?

माणदेशी_लेखणी

हाइव्ह या ब्लॉकचेनवरच्या ब्लॉगिंग मंचावर (तिथे लेखाला वाचकांच्या मतांप्रमाणे क्रिप्टो टोकन मिळतात) मराठी-इंग्रजीत प्रवासावर लिहितो. खात्यात सध्या १,४०० एचपी (हाइव्ह पॉवर, म्हणजे अडकवून ठेवलेले हाइव्ह), ३१० एचबीडी (डॉलरच्या भावाला बांधलेलं हाइव्हचंच टोकन) आणि ९०० मोकळे हाइव्ह आहेत. महिन्याला ३०-३५ एचबीडी आणि साधारण तेवढ्याच किमतीचे एचपी येतात. यातला एक रुपयाही अजून बँकेत आणलेला नाही. नोकरी पगाराची आहे, कराचा स्लॅब २० टक्क्यांचा.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. पोस्ट टाकताना मोबदला ५०/५० (निम्मे एचबीडी, निम्मे एचपी) ठेवावा की १०० टक्के पॉवर अप (सगळा एचपीत)? साठलेले एचबीडी हाइव्हच्याच व्याज देणाऱ्या सेव्हिंग्जमध्ये टाकावेत की रुपये करून घ्यावेत? आणि रुपये करायचे तर नेमके कोणत्या वाटेने? एका ग्रुपवर सांगितलं गेलं की पॉवर अप केलं म्हणजे विक्री झाली नाही, म्हणजे कर नाही. हे कितपत खरं?

---

तेरा_आठवडे

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे: ५०/५० ठेवा, नेहमीच. पॉवर अप, म्हणजे मोकळ्या हाइव्हचे एचपी करणं, एका क्लिकवर आणि त्याच क्षणी होतं. उलटा प्रवास (पॉवर डाउन) मात्र १३ आठवड्यांचा, दर आठवड्याला एक हप्ता. म्हणजे हातात एचबीडी आले तर पॉवर अपचा निर्णय तुम्ही कधीही घेऊ शकता. १०० टक्के पॉवर अप निवडलं तर तो निर्णय पोस्ट टाकतानाच, म्हणजे पैसे यायच्या सात दिवस आधी, भाव काय असेल हे माहीत नसताना घेऊन टाकलेला असतो. शिवाय नेटवर्कवर एचबीडीचा एकूण बोजा वाढला की ५०/५० मधल्या एचबीडीच्या जागी थोडे मोकळे हाइव्ह येऊ लागतात. ते दिसलं तर घाबरू नका, चूक तुमची नाही.

आता एचपी वाढवण्याचा फायदा किती, ते आकड्यात बघा. दुसऱ्याच्या पोस्टला मत दिलं की तुम्हालाही वाटा मिळतो, त्यालाच क्युरेशन म्हणतात; एका पूर्ण मताला मत देण्याच्या शिल्लक ताकदीच्या २ टक्के लागतात आणि दिवसाला २० टक्के भरून येतात, म्हणजे रोज साधारण दहा पूर्ण मतं. भाव पाव डॉलर धरला तर १,४०० एचपीचं पूर्ण मत जेमतेम दोन सेंटांच्या आसपास जातं. आणि इथेच एक खाच आहे. एखाद्या पोस्टचा किंवा कमेंटचा एकूण मोबदला ०.०२ डॉलरच्या खाली राहिला तर लेखकालाही काही मिळत नाही आणि मत देणाऱ्यालाही नाही. तुमच्या खात्यातून ५० टक्क्यांची मतं एकट्यादुकट्या कमेंटवर जात असतील तर ती सरळ हवेत जातात. पूर्ण वजनाची मतं द्या, आणि जिथे आधीच दोन-चार मतं पडली आहेत अशा पोस्टला द्या. पहिल्या २४ तासांत दिलेल्या मताला पूर्ण वजन असतं, ७२ तासांपर्यंत निम्मं, त्यानंतर आठवा हिस्सा. झोपेत ताकद १०० टक्क्यांवर जाऊन बसली की पुढचं भरणं वाया जातं.

हे सगळं नीट केलं तर क्युरेशनचे वर्षाला आठेक टक्के सुटतात, आणि एचपी नुसतं धरून ठेवल्याबद्दल नव्याने निर्माण होणाऱ्या हाइव्हच्या वाट्यातून आणखी दोन-तीन. पण मिळतं ते सगळं हाइव्हमध्ये. नोव्हेंबर २०२१ मध्ये तीन डॉलरच्या वर गेलेला भाव २०२५ च्या उत्तरार्धात पाव डॉलरच्याही खाली होता. त्या घसरणीपुढे दहा-अकरा टक्के कुठल्या कुठे गेले.

दर महिन्याच्या एक तारखेला पॉवर अप डेच्या बॅजसाठी लोक हौसेने एचपी करतात. हौस म्हणून ठीक आहे, गुंतवणूक म्हणून त्याकडे बघू नका.

---

सव्वा_टक्का

एचबीडीबद्दल मी लिहितो. सेव्हिंग्जचा दर विटनेस (साखळी चालवणारे, मतांनी निवडलेले लोक) ठरवतात, पहिल्या वीस जणांच्या आकड्यांचा मध्य घेऊन. २०२२ पासून बराच काळ तो २० टक्के होता, मग १५ वर आला. पुढेही बदलेल, म्हणून वॉलेटमध्ये आजचा दर बघूनच ठरवा. १५ धरला तर ३१० एचबीडीवर वर्षाला ४६.५ एचबीडी.

शेजारी एचपी ठेवून बघा. तुमचे ९०० हाइव्ह पॉवर अप केले तर २,३०० एचपी होतील. आठ टक्क्यांनी १८४ हाइव्ह, पाव डॉलरच्या भावाने ४६ डॉलर. म्हणजे ३१० डॉलरचे एचबीडी जेवढं देतात तेवढंच क्युरेशनमधून मिळवायला ५७५ डॉलरचं मुद्दल अडकवून वर रोज दहा मतांची हमाली करायची.

सेव्हिंग्जची एक तांत्रिक बाब लोकांच्या लक्षात येत नाही. व्याज तारीख आली की आपोआप जमा होत नाही. मागच्या व्याजाला ३० दिवस होऊन गेल्यावर सेव्हिंग्जच्या शिलकीत काही हालचाल झाली तरच ते पडतं. म्हणून महिन्यातून एकदा ०.००१ एचबीडी सेव्हिंग्जमध्ये टाका. ३१० वर ३० दिवसांचे साधारण ३.८२ एचबीडी लगेच जमा होतील आणि पुढच्या महिन्यात त्यांच्यावरही व्याज चढेल. वर्षभर हात लावला नाही तर चक्रवाढ मिळत नाही, साधंच व्याज मिळतं.

काढायला तीन दिवस लागतात. तो उशीर तुमच्या फायद्याचा आहे. अ‍ॅक्टिव्ह की (पैसे हलवायची गुप्त किल्ली) कोणाच्या हाती लागली तर मोकळे हाइव्ह-एचबीडी मिनिटात जातात. सेव्हिंग्जमधून काढायची विनंती मात्र तीन दिवसांच्या आत रद्द करता येते. ३१० एचबीडी मोकळे ठेवणं हा तुमच्या यादीतला सगळ्यात वाईट पर्याय आहे. व्याजही नाही, कुलूपही नाही. आज रात्रीच ते आत टाका.

धोका नाही असं मात्र समजू नका. एचबीडीमागे कोणत्याही बँकेत डॉलर ठेवलेले नाहीत. साखळी त्याला एक डॉलरचे हाइव्ह देण्याचं वचन देते, एवढंच. एकूण एचबीडी हाइव्हच्या बाजारमूल्याच्या ३० टक्क्यांपलीकडे गेले तर रूपांतरात डॉलरपेक्षा कमी मिळतं. ज्याला महिन्याचा हप्ता भरायचा आहे त्याने इथे पैसे ठेवू नयेत.

---

घाटमाथा

रुपयांची वाट मी सांगतो, कारण सगळ्यात जास्त पैसे इथेच अडकतात.

एचबीडी घेणारी एक्स्चेंज फारच थोडी, म्हणून आधी एचबीडीचे हाइव्ह करा. हाइव्हच्या आतल्या बाजारात फी नाही. लिमिट ऑर्डर (भाव तुम्ही ठरवता ती) लावा. मार्केट ऑर्डरने पातळ बाजारात एक-दोन टक्के उगाच जातात. दुसरी वाट साखळीच्या स्वतःच्या रूपांतराची, तिला साडेतीन दिवस लागतात आणि त्या काळातल्या मध्य भावाने हाइव्ह मिळतात. आतल्या बाजारात एचबीडी ०.९८ च्या खाली मिळत असेल तरच रूपांतराकडे वळा.

मग एक्स्चेंजच्या डिपॉझिट पानावर दोन गोष्टी दिसतील, खात्याचं नाव आणि मेमोचा आकडा. दोन्ही तिथूनच कॉपी करा. नाव हाताने टाइप करू नका, कारण एका अक्षराच्या फरकाची नकली खाती मुद्दाम काढून ठेवलेली असतात. मेमोच्या सुरुवातीला # लावू नका, त्याने मेमो कूटबद्ध होतो आणि एक्स्चेंजच्या यंत्रणेला तो वाचता येत नाही. मेमो राहिला तर पैसे एक्स्चेंजच्या सामाईक खात्यात पडून राहतात आणि मग सपोर्टला तिकीट टाकत बसावं लागतं. हाइव्हच्या पत्त्यावर एचबीडी पाठवले तरी तेच. पहिल्यांदा एकच हाइव्ह पाठवा, तो दिसला की बाकीचे.

एक्स्चेंज निवडताना ते एफआययूकडे (केंद्र सरकारचं आर्थिक गुप्तवार्ता पथक) नोंदलेलं आहे का ते बघा. डिसेंबर २०२३ मध्ये नऊ परदेशी एक्स्चेंजना नोटिसा गेल्या होत्या. त्यातल्या बायनान्स आणि कुकॉइनने २०२४ मध्ये नोंदणी करून घेतली. हाइव्ह-रुपया जोडी मिळाली तर उत्तम. नाहीतर हाइव्हचे यूएसडीटी (डॉलरच्या भावाला बांधलेलं दुसरं टोकन) करून ते भारतीय एक्स्चेंजला न्यायचे. तिथे दोन्हीकडे नेटवर्क एकच निवडा. ट्रॉनवरून पाठवलेले यूएसडीटी इथेरियमच्या पत्त्यावर उगवत नाहीत. काढण्याची फी रकमेवर नसते, ठरलेली असते, म्हणून दर महिन्याला ३० डॉलर काढण्यात अर्थ नाही. तीन-चार महिन्यांचे एकदम काढा.

पी२पीमध्ये (थेट दुसऱ्या माणसाला विकण्यात) दोन रुपये जास्त मिळतात म्हणून तिकडे जाऊ नका. समोरच्याने पाठवलेले पैसे सायबर फसवणुकीतले निघाले तर तुमच्या बँक खात्यावर लीन (पैसे काढायला रोख) लागतं. कधी तेवढीच रक्कम गोठते, कधी अख्खं खातं. आणि तक्रार ज्या राज्यात नोंदलेली असेल तिथल्या पोलिसांशी पत्रव्यवहार करत बसायचं. ऑर्डर बुकवर विका, रुपये एक्स्चेंजच्या स्वतःच्या खात्यातून येऊ द्या.

विकून झालं की शिल्लक एक्स्चेंजवर ठेवू नका. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्समधून सुमारे २३ कोटी डॉलरची चोरी झाली, त्यानंतर ग्राहकांचे पैसे वर्षाहून जास्त काळ अडकून होते.

---

हिशेबनीस

पॉवर अप केलं की कर नाही, हे ग्रुपवर सांगितलेलं चूक आहे, आणि महागात पडणारं चूक आहे.

मोबदला तुमच्या खात्यात आला तेव्हाच ते उत्पन्न झालं. एचपीच्या रूपात आलं म्हणून सुटका नाही. बहुतेक सीए ते मिळाल्या दिवसाच्या रुपयांतल्या किमतीला 'इतर स्रोत' किंवा धंद्याच्या उत्पन्नात, तुमच्या स्लॅबने धरतात. तीच किंमत पुढे तुमची खरेदी किंमत होते. विकताना वाढलेल्या भागावर (१९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ११५बीबीएचने आणलेला) ३० टक्के कर आणि वर ४ टक्के सेस.

उदाहरण घ्या. वर्षभरात १,००० हाइव्ह मिळाले, मिळताना भाव २० रुपये. २०,००० रुपये उत्पन्नात धरले, तुमच्या स्लॅबने सेससकट ४,१६० रुपये कर. पुढे २५ ला विकले तर ५,००० नफ्यावर १,५६०. आणि १५ ला विकले तर? ५,००० चा तोटा कशातूनही वजा होत नाही, पुढच्या वर्षातही नेता येत नाही. ४,१६० मात्र भरून झालेले. पॉवर अप करून बसणाऱ्याला हाच खड्डा असतो: कर चढ्या भावाने, विक्री १३ आठवड्यांनी पडत्या भावाने. म्हणून माझं मत, दर वर्षीच्या मोबदल्यातला निदान कराएवढा भाग त्याच वर्षात रुपयांत आणायचा. एचबीडीत हा त्रास कमी, कारण मिळतानाची आणि विकतानाची किंमत जवळपास सारखीच.

एचबीडीचे हाइव्ह, हाइव्हचे यूएसडीटी, यूएसडीटीचे रुपये, यातला प्रत्येक टप्पा हस्तांतरण आहे. एकाच दिवशी उरकले तर मधला नफा नगण्य राहतो. पॉवर डाउन (एचपीचे परत मोकळे हाइव्ह करणं) हे हस्तांतरण नाही, मालक तुम्हीच आहात. १ जुलै २०२२ पासून १९६१ च्या कायद्याच्या कलम १९४एसने १ टक्का टीडीएस लागू झाला, भारतीय एक्स्चेंज तो कापूनच पैसे देतं आणि दोन टप्प्यांवर दोनदा कापतं. २६एएसमध्ये (कापलेल्या कराचा सरकारी तक्ता) दिसला की विवरणपत्रात वळता करून घ्या. फॉर्म आयटीआर-१ चालणार नाही. व्हीडीएची (आभासी डिजिटल मालमत्ता, म्हणजे क्रिप्टो) अनुसूची आयटीआर-२ आणि ३ मध्येच आहे. परदेशी एक्स्चेंजवर शिल्लक राहत असेल तर परदेशी मालमत्तेच्या अनुसूचीबद्दल सीएला आवर्जून विचारा.

वही अशी ठेवा: क्लेमची (मोबदला खात्यात जमा करून घेतल्याची) तारीख, किती एचबीडी, किती एचपी, त्या दिवसाचा हाइव्हचा डॉलर भाव, डॉलरचा रुपयातला भाव. मार्चमध्ये बसून साखळीतून उकरण्यापेक्षा प्रत्येक क्लेमच्या वेळी एक ओळ लिहिणं सोपं.

---

तेरा_आठवडे

हिशेबनीस, एक शंका. काही सीए मिळतानाचं उत्पन्न धरतच नाहीत. खरेदी किंमत शून्य मानून विक्रीच्या अख्ख्या रकमेवर ३० टक्के लावतात.

---

हिशेबनीस

लावतात, कारण कायद्यात पोस्टच्या मोबदल्यासाठी वेगळी ओळ नाही. वरच्या उदाहरणात त्या पद्धतीने १५ च्या भावाला १५,००० वर ४,६८० होतात आणि २५ ला ७,८००. माझ्या पद्धतीने अनुक्रमे ४,१६० आणि ५,७२०. वीस टक्क्यांच्या स्लॅबला शून्य किंमत महाग पडते, तीस टक्केवाल्याचा भाव पडला तर तीच स्वस्त. पण मिळालेलं उत्पन्न दाखवलंच नाही असा आक्षेप आला तर उत्तर देणं कठीण जाईल. कोणतीही धरा, दरवर्षी तीच धरा. सोयीप्रमाणे बदललीत तर नोटीस ओढवून घ्याल.

---

माणदेशी_लेखणी

एचबीडी सेव्हिंग्जमध्ये टाकले. १,४०० एचपी आहेत तसेच ठेवू की थोडे पॉवर डाउनला लावू? ९०० हाइव्हचं काय?

---

तेरा_आठवडे

९०० मधले कराएवढे विका, बाकीच्यांचा निर्णय भावावर सोडा, पण मोकळे ठेवू नका; हाइव्हसुद्धा सेव्हिंग्जमध्ये ठेवता येतात. व्याज नाही, तीन दिवसांचं कुलूप तेवढं मिळतं.

एचपीपैकी ६५० पॉवर डाउनला लावा. दर आठवड्याला ५० हाइव्ह बाहेर येतील. पैसे नको असतील तर तेच ५० त्याच दिवशी परत पॉवर अप करा, काही जात नाही. भाव उसळला तर १३ आठवडे थांबावं लागत नाही, नळ आधीच चालू असतो. मात्र मध्येच रक्कम बदललीत तर मोजणी पहिल्या आठवड्यापासून पुन्हा सुरू होते. डेलिगेट केलेले (दुसऱ्या खात्याला वापरायला दिलेले) एचपी परत यायला पाच दिवस लागतात, ते हिशेबात धरा. खातं पूर्ण रिकामं मात्र करू नका. एचपी फार खाली गेले की रिसोर्स क्रेडिट (एचपीच्या प्रमाणात मिळणारा व्यवहारांचा कोटा) पुरत नाहीत आणि साधी कमेंटही जात नाही.

---

सव्वा_टक्का

एक भर: पॉवर डाउनला अ‍ॅक्टिव्ह की लागते. ती फक्त कीचेनमध्ये (हाइव्हच्या किल्ल्या सांभाळणारं वॉलेट) ठेवा आणि रोजच्या लिहिण्या-मत देण्याला पोस्टिंग कीच वापरा. कोणत्याही साइटने 'बक्षीस क्लेम करा' म्हणत मास्टर पासवर्ड मागितला तर टॅब बंद करा. मोबदला क्लेम करायला पोस्टिंग की पुरते.