'हेडलाइन ॲक्ट'ला मराठीत काय म्हणावं?

विचारणा: समुद्रकिनारी भरणाऱ्या एका उन्हाळी संगीत महोत्सवाच्या माहितीचं भाषांतर करते आहे. 'तिन्ही रात्रींचे हेडलाइन ॲक्ट जाहीर' असं वाक्य आलंय. यंत्राने 'मथळा कृती' सुचवलं, ते बाद केलं. 'प्रमुख पाहुणे' म्हटलं तर मंडळी भाषणाला आल्यासारखी वाटतात. काय लिहावं?

उत्तर: शब्द मुळात छपाईतला. हेडलाइन म्हणजे मथळा. अमेरिकेत व्हॉडव्हिलच्या, म्हणजे गाणी, नाच, विनोद अशा मिश्र रंगमंचीय खेळांच्या, जाहिरातपत्रकावर ज्याचं नाव सगळ्यांत वर, मोठ्या अक्षरांत, तो हेडलाइनर. महोत्सवांच्या पोस्टरवर आजही तीच उतरंड दिसते: वरची दोन-तीन नावं ठळक, मग ओळीगणिक अक्षर बारीक होत जातं. म्हणजे ज्याच्या नावावर तिकिटं खपतात तो. मी 'मुख्य आकर्षण' लिहीन.

आणखी एक मत: 'मुख्य आकर्षण' आतषबाजीलाही लागतं आणि आकाशपाळण्यालाही. त्यात गाणंबजावणं कुठे आहे? 'अखेरची मैफल' कसं वाटतं? बडे कलाकार शेवटीच येतात.

त्यावर उत्तर: बहुतेकदा येतात, पण दर वेळी नाही. इंग्लंडजवळच्या आइल ऑफ वाइट बेटावरचा ऑगस्ट १९७०चा महोत्सव आठवा. तिथलं सर्वांत मोठं नाव गिटारवादक जिमी हेन्ड्रिक्सचं, पण त्याचं वादन संपल्यावरही मंच रिकामा झाला नाही. लेनर्ड कोहेन त्याच्यानंतर गायला, पहाटेच्या अंधारात. क्रम आणि मान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, म्हणून 'अखेरची' नको.

माझ्या मते अडचण 'हेडलाइन'ची नाहीच, 'ॲक्ट'ची आहे. ॲक्ट म्हणजे एकटा गायक असेल, पाच जणांचा बँड असेल किंवा डीजे; आणि मंचावर त्यांच्या वाट्याला आलेला वेळही त्याच शब्दात येतो. 'कलाकार' म्हटलं की एक माणूस डोळ्यांपुढे येतो, 'कार्यक्रम' म्हटलं की सगळी संध्याकाळ. हे दोन्ही अर्थ एकत्र बाळगणारा शब्द आपल्याकडे आहे: बारी. संगीतबारीतली, डबलबारी भजनातली. बारी म्हणजे पाळी, आणि त्या पाळीत होणारं सादरीकरणही. मग 'मुख्य बारी' का नको?

शंका: रॉक बँडला बारी? वाचकाला लगेच ढोलकी ऐकू येईल.

उत्तर: पहिल्यांदा येईल, कबूल. पण 'मैफल' आपण आज कुठल्याही गाण्याला लावतोच ना? शब्द वापरला की सैल होतो. शिवाय क्रियापदाचा घोळही यानं सुटतो. 'शनिवारी अमुक बँड हेडलाइन करणार' याचं सरळ 'शनिवारची मुख्य बारी अमुक बँडची' होतं. ऐकायला किती मोकळं वाटतं!

आणि आधी वाजवणाऱ्यांना? 'पूर्वरंग' सुचतोय.

उत्तर: शब्द गोड आहे, पण कीर्तनात पूर्वरंग आणि उत्तररंग एकाच बुवांचे असतात. इथे माणसं वेगळी. 'आधीची बारी' पुरेल.

विचारणा करणारी: पटलं. पहिल्या उल्लेखाला 'हेडलाइनर, म्हणजे मुख्य बारी' असं लिहिते आणि पुढे नुसतं 'मुख्य बारी'. वाक्य आता असं झालंय: 'तिन्ही रात्रींच्या मुख्य बाऱ्या ठरल्या.'