उदास चिनी गाण्यांचा अल्बम सुचवा (गाडीत ऐकायला, बजेट १५००)

चाकणवारी:
मंडळी, प्रश्न जरा विचित्र आहे, हसू नका. आमच्या प्लांटला निंगबोहून मशीन आलं आणि ते बसवायला चेन म्हणून एक इंजिनिअर तीन महिने इथे होता. रोज वाकड ते चाकण माझ्याच गाडीत. जाताना दीड तास, येताना देव जाणे. तो फोन जोडून त्याची गाणी लावायचा. मला मँडरीनमधलं ओ की ठो कळत नाही, पण एक गाणं डोक्यातून जातच नाहीये. गडी नुकताच झोपेतून उठल्यासारखा गातो, गिटार असते, आणि सारंगीसारखं काहीतरी रडत राहतं. ते लागलं की चेन बोलायचा थांबायचा. मागच्या शुक्रवारी तो गेला आणि नाव विचारायचं राहूनच गेलं. माझ्याकडे १४ सेकंदांचं रेकॉर्डिंग आहे, त्यातले ११ सेकंद मागच्या ट्रकचा हॉर्न. गाणं ओळखणाऱ्या ॲपने हात टेकले.
तर हा गायक कोण असावा, आणि या प्रकारचं फोक-रॉक ऐकायचं तर कुठल्या अल्बमपासून? सीडी घ्यावी का? बजेट १५००, टपालखर्चासकट.

सुझौची_सून:
पु शू!! डोळे झाकून सांगते. सुझौला सहा वर्षं काढलीत, तिथे पस्तिशीच्या पुढच्या कुणालाही प्यायला बसवा, अकराच्या सुमारास पु शू सुरू होतोच. माणूस म्हणजे आळशीपणाचा कळस, पहिला अल्बम १९९९, दुसरा २००३ आणि तिसरा थेट २०१७, मध्ये चौदा वर्षं नुसती वाट बघायला लावली. वडील पेकिंग युनिव्हर्सिटीत अवकाश-भौतिकीचे प्राध्यापक, आणि हा गिटार घेऊन बसला. तुम्ही २००३ च्या अल्बमपासून सुरुवात करा, त्याचं नाव 'शंग रू श्या हुआ', म्हणजे ग्रीष्मातल्या फुलांसारखं जगणं. हे शब्द आपल्या रवींद्रनाथांचे आहेत, 'स्ट्रे बर्ड्‌स'मधून घेतलेले! तिकडे भल्याभल्यांना ते माहीत असतं, आपल्याकडे कुणाच्या गावी नाही.

रेकॉर्डवेडा:
सीडी कसली घेताय, एलपी घ्या. असली गाणी डिजिटलवर ऐकणं म्हणजे पुरणपोळी पाण्यात बुडवून खाणं. माझा प्लेअर ३८ हजारांचा आहे, दोघांनी जिना चढवून आणला, पण गिटारच्या तारेवर बोट घसरल्याचासुद्धा आवाज येतो. एक चिनी एलपी बाहेरून मागवली होती, दीड महिन्याने आली, वर कस्टमने चोपलं ते वेगळंच, आणि उघडून बघतो तर पापडासारखी वाकलेली. विकणारा म्हणे वर जाड पुस्तकं ठेवा. ठेवली. आता सुई तिच्यावर होडीसारखी वरखाली होते. तरीही एलपीच.

चाकणवारी:
@रेकॉर्डवेडा साहेब, गाडीत ऐकायचंय हो. आणि १५००.

पिनयिन_पंडित:
आधी उच्चार नीट करा मग अल्बम घ्या. पिनयिनमधला (चिनी रोमन लिपीत लिहायची पद्धत) 'पी' म्हणजे आपला फ आणि 'बी' म्हणजे आपला प. त्यामुळे तो पु शू नव्हे, फू शू. बेइजिंग नव्हे, पेइचिंग. इंग्रजांना अल्पप्राण-महाप्राण वेगळे ऐकू येत नाहीत, आपल्याला ते बाराखडीतच फुकट मिळालेत, तरी आपण इंग्रजीवरून चिनी वाचायचं. टोनची, म्हणजे शब्दातल्या आवाजाच्या चढउताराची, मात्र काळजी नको, गाताना चालीपुढे ते बहुतेक विरघळूनच जातात.

सुझौची_सून:
बरं फू शू. सहा वर्षांत माझं कुणी अडलं नाही पण बरं.

सोलापुरी_चादर:
पु काय नि फू काय, खरं उदास ऐकायचं तर शिच्याच्वांगचा बँड ऐका, 'वान्नंग छिंगन्येन ल्युत्येन', २०१० चा पहिला अल्बम. कारखान्यांचं शहर, औषधांच्या कंपन्या, आणि त्यातलं एक गाणं आहे शहराच्याच नावाचं, संध्याकाळी सहाला सुटून कंपनीचे कपडे बदलणाऱ्या माणसाचं. ट्रम्पेट असा वाजतो की पोटात खड्डा पडतो. आणि हेच ते शहर जिथे आमच्या सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची समाधी आहे! १९४२ ला गेले, वय अवघं ३२. मी कामानिमित्त गेलो होतो तेव्हा मुद्दाम जाऊन आलो, कुणीतरी ताजी फुलं ठेवलेली होती. येताना टॅक्सीत हाच अल्बम ऐकला. मिल बंद पडलेल्या गावातल्या माणसाला भाषा कळावी लागत नाही.

नुसताच_वाचक:
आपल्याकडे रडक्या गाण्यांची काय कमी आहे म्हणून चीनमधून आयात? स्वस्त पडतं का?

तैवानी_चहा:
सगळे मेनलँड चीनच्याच मागे. या सगळ्याचा बाप तैवानचा लो ता-यू. शिक्षणाने डॉक्टर, काळे कपडे, काळा चष्मा, १९८२ ला पहिला अल्बम काढला आणि गोड गोड प्रेमगीतांच्या बाजारात एकदम रॉक. त्यातलं लुकांग गावावरचं गाणं ऐका, गाव सोडून तैपेईत आलेला पोरगा. पुण्यात कॉट बेसिसवर राहिलेल्या प्रत्येकाला लागू. इथून सुरुवात केली नाही तर पुढचं काही कळणार नाही.

सुझौची_सून:
@तैवानी_चहा त्यांना फक्त चाकणला जायचंय, पीएचडी करायची नाहीये.

खगोल_काका:
फू शूच्या २०१७ च्या अल्बमचं नाव 'ल्ये हू शिंग त्स्वो' ना? म्हणजे ओरायन, म्हणजे आपलं मृग! लोकमान्यांचं 'ओरायन' १८९३ चं, वेदांचा काळ या नक्षत्रावरून काढलाय. अवांतर: मृग लागलं म्हणून लोक जूनमध्ये आकाशात मृग शोधतात. अहो तेव्हा सूर्यच त्या नक्षत्रात असतो, दिसणार कसं? मृग बघायचं ते थंडीत.

तैवानी_चहा:
धाग्याचं काश्मीर व्हायला सुरुवात झाली.

सुझौची_सून:
तो २०१७ चा फार संथ आहे, पहिल्यांदा ऐकणाऱ्याला झोप येईल. गाडी चालवताना तर नकोच. २००३, २००३, २००३.

बेसवाला_बंड्या:
एक मिनिट, सारंगीचं कुणी वाचलंच नाही का? फू शू नाहीये हो हा. हा सोंग डोंगये (पंडितजी माफ करा), अल्बम २०१३ चा, 'आन्हे छ्याओ पेइ'. पेइचिंग मेट्रोच्या ४ नंबरच्या लाइनचं उत्तरेकडचं शेवटचं स्टेशन आहे ते. लहानपणी तो तिथे आजीकडे वाढला, पुढे ती वस्ती पाडली. आणि ती सारंगी नाही, मोंगोल लोकांचं वाद्य आहे, दोनच तारा, वरच्या टोकाला घोड्याचं डोकं कोरलेलं. आमच्या बँडने हे गाणं बसवायला घेतलं होतं, सारंगीवाला मिळेना म्हणून व्हायोलिनवर भागवलं, बायको म्हणाली मांजर अडकलंय का.
सीडी घेऊच नका. नव्या गाड्यांत सीडी घालायला भोक तरी असतं का?

पिनयिन_पंडित:
सुंग तुंगये.

रेकॉर्डवेडा:
सीडी नको हे मी आधीच सांगितलं होतं.

नान्चिंग_रिटर्न:
मी मात्र म्हणेन विकतच घ्या, किंवा निदान फाइल तरी स्वतःकडे ठेवा. ली चर् नावाचा गायक आहे, नान्चिंगमध्ये असताना आमच्या हॉस्टेलवर रात्रंदिवस चालू असायचा. २०१९ च्या एप्रिलमध्ये तिकडच्या सगळ्या ॲपवरून त्याची गाणी एका फटक्यात गायब. नावसुद्धा सापडेना. माझी चारशे गाण्यांची यादी होती, उघडली तर मध्ये मध्ये दात पडल्यासारखी करड्या ओळी. ज्यांच्याकडे जुन्या हार्ड डिस्क होत्या ते रात्रीत शेठ झाले, जेवण द्या मग कॉपी देतो. तेव्हापासून माझा ढगावर विश्वास नाही.

नुसताच_वाचक:
चेनलाच का नाही विचारत?

चाकणवारी:
@नुसताच_वाचक वीचॅट (त्यांचं चॅटचं ॲप) २०२० पासून आपल्याकडे बंद आहे ना, आणि कंपनीच्या मेलवर 'ते रडकं गाणं कुठलं' असं विचारायला लाज वाटत होती. तरी काल विचारलंच. मशीनच्या ऑइल लीकच्या मेलमध्ये खाली एक ओळ घातली, साहेब सीसीमध्ये होते ते विसरलो.

बेसवाला_बंड्या:
मग???

चाकणवारी:
अपडेट देतो. बंड्या बरोबर. सोंग डोंगयेचंच निघालं. चेनचं उत्तर दोन ओळींचं, पहिली ओळ सील बदला, पाठवतोय, आणि दुसरीत गाण्याचं नाव चिनीत आणि पुढे इंग्रजीत 'माय ग्रँडमदर ऑल्सो'. साहेबांनी विचारलं ग्रँडमदर हा कुठला पार्ट.
सुझौताईंचा २००३ ऐकला, चांगला आहे, पण बायको म्हणाली हे तर कॉलेजच्या गॅदरिंगसारखं. कोटणीसांच्या गावचा बँड रात्री ऐकला, ट्रम्पेट खरंच भारी, पण सकाळी शिफ्टला जाताना तो ऐकला तर मी प्लांटला पोचणारच नाही, राजीनामा देईन. लो ता-यू अजून राहिलाय.
घेतला शेवटी फू शूचा मृगवाला, ज्याला सगळ्यांनी नको म्हटलं तोच. सीडी नाही, एलपी नाही, फाइली विकत घेऊन पेन ड्राइव्हवर टाकल्या (नान्चिंगवाल्यांचं तेवढं ऐकलं). संथ आहे हे खरं, पण तळवड्याला गाडी ताशी चारने चालते, तिथे वेगवान गाणं लावलं की उगाच डोकं फिरतं. त्यात एका गाण्यात मध्येच रशियन येतं, दस्विदानिया, अख्ख्या अल्बममधला मला कळलेला एकच शब्द. शाळेत असताना घरी सोव्हिएत मासिक यायचं त्याची कृपा.
सोंग डोंगयेचं ते गाणंही टाकलंय पण लावत नाही फारसं. ते लागलं की हात आपोआप एसीकडे जातो, चेन तो १८ वर ठेवायचा.

सुझौची_सून:
बघा, शेवटी फू शूच घेतलात ना! मी पहिल्याच प्रतिसादात सांगितलं होतं.

खगोल_काका:
मृग! वा. डिसेंबरात रात्री नऊला पूर्वेला बघा.

रेकॉर्डवेडा:
गाडी कुठली? स्पीकर कंपनीचेच असतील तर आधी ते बदलून घ्या, मी २२ हजारांचे टाकलेत.